पहिल्या पानावरची सही

नारपोलीत धम्मदिनाचं घर शोधायला पत्त्याची गरज पडत नाही. लूमच्या दोन कारखान्यांच्या मधून जी चिंचोळी गल्ली आत जाते, तिच्या टोकाला वरच्या मजल्यावर 'कॉम्प्युटरवाली' राहते, असं कोणीही सांगतं. सांगताना माणूस जरा छाती काढूनच सांगतो. या गल्लीतून बाहेर पडलेल्यांपैकी कोणी लूमसाठी सुताच्या कांड्या भरल्या, कोणी रिक्षा चालवली, कोणी दापोड्याच्या गोदामात खोकी उचलली. ही एकटी वेबसाइट बनवते. वेबसाइट बनवते म्हणजे नेमकं काय करते, हे मात्र गल्लीत कोणाला ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही म्हणूनच आपला मान टिकून आहे, असं ती स्वतःच हसत सांगायची. हसत सांगायची, असं म्हणतो, कारण हल्ली ती ते सांगत नाही.

तिचं काम म्हणजे पडद्यावर जे दिसतं ते नीट दिसेल असं करणं. पानावर मजकूर कुठे बसेल, बटण केवढं असेल, तेच पान मोबाइलवर उघडलं तर कसं अंग आखडून घेईल, हे सगळं सीएसएस नावाच्या भाषेत लिहावं लागतं. ठाण्याच्या एका कंपनीचं हे काम ती घरी बसून करते. खाली लूमची खडखड, वर ही. मीटिंगमध्ये समोरचे विचारतात, मागे कसला आवाज येतोय, तेव्हा ती माइक बंद करते आणि लिहून उत्तर देते. शुक्रवारी लूम बंद असतात, म्हणून डोकं लावायची कामं ती शुक्रवारसाठी राखून ठेवते.

तिचे वडील राघो यांनी तीस वर्षं कापड तपासलं. लूमवरून उतरलेला ताका मेजावर अंथरायचा, हात हात पुढे सरकवायचा, तुटलेला धागा, तेलाचा डाग, सुटलेली जागा दिसली की खडूने खूण करायची. शेठ कितीही घाईत असो, राघोंनी कधी मधलं कापड न बघता ताका पुढे ढकलला नाही. त्यामुळे शेठ त्यांच्यावर चिडायचा आणि त्यांच्याशिवाय कोणाला मेजापाशी उभंही करायचा नाही. धम्मदिनाच्या अंगात ही खोड आली ती तिथूनच.

आणि कॉम्प्युटर आला तो हरेश सरांकडून. कल्याण नाक्याजवळ, औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत सरांचा क्लास होता. बारावीनंतर राघोंनी मुलीला शिलाईच्या कारखान्यात लावायचं ठरवलं होतं. सर घरी आले, दोन तास बसले, तिच्या आईने, मंदाबाईंनी, केलेला चहा दोनदा प्यायले आणि राघोंचं मन वळवूनच उठले. पुढे वर्षभर ती सरांकडे शिकली. पहिलं पान बनवलं, पहिला रंग भरला, पहिली चौकट उजवीकडे सरकवली ती सरांच्या शेजारी बसून. सर देवमाणूस होते असं नाही, पण सर आले नसते तर ती आज शिलाईच्या मशीनवर वाकलेली असती, हे खरं होतं आणि तिला ते रोज आठवायचं. उपकार करणारा माणूस बऱ्याचदा विसरतो. ज्याच्यावर होतात तो विसरत नाही, आणि त्यातच अडकतो.

गेल्या एप्रिलच्या सुरुवातीला सरांचा फोन आला. त्यांनी आपल्या शिकवण्याचे व्हिडिओ करून ऑनलाइन कोर्स काढला होता. दापोड्याच्या एका मोठ्या गोदाम कंपनीला आपल्या समाजकार्याच्या निधीतून शंभर कामगार मुलामुलींना तो कोर्स द्यायचा होता. फक्त कंपनीची अट होती की, या क्षेत्रात प्रत्यक्ष काम करणाऱ्या कोणीतरी कोर्स आधी तपासून लेखी अहवाल द्यावा. सरांनी तिचं नाव सुचवलं होतं. तिला भरून आलं. ज्यांनी शिकवलं त्यांचं काम तपासायला आपल्याला बोलावतात, म्हणजे आपण केवढ्या झालो, असं तिला वाटलं. आपल्यालाच का बोलावलं, हा प्रश्न तेव्हा तिच्या डोक्यात आला नाही.

निधीचं काम बघणाऱ्या नेत्रा मॅडमनी तिला गोदामाच्या कँटीनमध्ये नेऊन मुलांशी ओळख करून दिली. "या मॅडम सांगतील कोर्स कसा आहे ते," असं म्हणून त्या फोनवर बोलायला बाहेर गेल्या. मुलं आपापसात कुजबुजत होती. शेवटी पॅकिंगमधली एक मुलगी उठून जवळ आली. रीमा. पडघ्याच्या पलीकडच्या गावातली, शेतकऱ्याची, बावीस-तेवीसची. गोदामाच्या बसने येऊन-जाऊन करायची. तिने जे सांगितलं ते थोडक्यात असं होतं की, घरात तिच्या लग्नाचं बघणं चालू आहे. जीवन नावाच्या भावाकडून तिने भांडून मुदत घेतली आहे. तुळशीचं लग्न लागेपर्यंत कोणी स्थळ आणायचं नाही, तोवर तिला कॉम्प्युटरचं काम लागलं तर लागलं, नाही तर भाऊ म्हणेल तिथे ती मुकाट उभी राहील.

"ताई, एकच इचारते," ती म्हणाली. "हे शिकल्यावर काम लागंल का? मना परत न्हाय मिळायचा टाइम."

धम्मदिना म्हणाली, मी आधी पूर्ण बघते. रीमाने आपला नंबर दिला, तिचा घेतला, आणि शिफ्टची बेल झाली म्हणून पळाली.

धम्मदिनाने कोर्स बापाच्या पद्धतीने तपासला. एकशे अठरा व्हिडिओ. एकही पुढे ढकलला नाही. शेजारी शाळकरी वही, त्यात व्हिडिओचा नंबर, मिनिट, चूक. पण नुसत्या चुका टिपून कोर्स कळत नाही हे तिला माहीत होतं. म्हणून तिने दुसरी गोष्ट केली, आणि ती जास्त अवघड होती. स्वतःला येतं ते सगळं बाजूला ठेवून, सरांनी शिकवलं तेवढंच वापरून तिने एक साधं पान बनवायला घेतलं. गोदामातल्या मालाच्या नोंदीचा फॉर्म. मुलांच्या ओळखीचा.

पहिले दोन शुक्रवार तिला बरं वाटत होतं. सर बोलायचे छान. चौकटीच्या आतली जागा आणि बाहेरची जागा यांतला फरक त्यांनी खोक्यातला माल आणि दोन खोक्यांमधली फट दाखवून समजावला होता, तो कोणाही गोदामवाल्याला जन्मात विसरता आला नसता. तिसऱ्या शुक्रवारी तिचं तोंड कडू झालं. पानाची मांडणी सर अजून त्याच जुन्या पद्धतीने शिकवत होते, चौकटी डावी-उजवीकडे तरंगत ठेवायच्या आणि मग त्या पडू नयेत म्हणून खाली टेकू द्यायचे. तिला बारा वर्षांपूर्वी शिकवली होती तीच पद्धत, तोच टेकू, कधी कधी तोच विनोद. गेल्या कित्येक वर्षांत मांडणीच्या ज्या सोप्या आणि पक्क्या पद्धती आल्या, ज्यांच्याशिवाय आज कोणी मुलाखतीला दारातही उभं करत नाही, त्यांचं कोर्समध्ये नावसुद्धा नव्हतं. मोबाइलसाठी पान कसं बदलायचं यावर एकच व्हिडिओ होता, चार मिनिटांचा. प्रत्येक पान ठरावीक रुंदीचं, जुन्या टेबलावरच्या कॉम्प्युटरच्या मापाचं. परीक्षा म्हणाल तर दुसऱ्यांदा चुकलं की बरोबर उत्तर आपोआप समोर यायचं. गृहपाठात सरांनीच लिहिलेली फाइल उतरवून घ्यायची आणि रंग बदलायचा. नापास होणं शक्यच नव्हतं.

तिने बनवलेला फॉर्म मोबाइलवर उघडला. अर्धा पडद्यात होता, अर्धा उजवीकडे बाहेर सांडला होता. बटण कुठे गेलं ते बोटाने सरकवून शोधावं लागत होतं.

अहवाल तीन पानांचा झाला. पहिल्या पानावर चांगलं. आपल्यात कोणाचं वाईट सांगायचं झालं तर आधी चार शब्द चांगले बोलायचे असतात, आणि हे तर सर. तिने मनापासून लिहिलं की भाषा सोपी आहे, उदाहरणं ओळखीची आहेत, नवशिक्याला भीती वाटणार नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या पानावर चुका, एकूण एक, मिनिटासकट, आणि शेवटी स्वच्छ शब्दांत मत. हा कोर्स करून नोकरी मिळणार नाही. मांडणीचा आणि मोबाइलचा भाग नव्याने केल्याशिवाय तो कोणाला देऊ नये. तिन्ही पानांच्या तळाला सही केली.

नेत्रा मॅडमनी सांगितलं होतं, अहवाल थेट मला मेल करा. एवढं केलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण सरांच्या माघारी, सरांना डावलून त्यांच्याविरुद्ध लिहिलेलं तिसऱ्याच्या हातात देणं तिला जमेना. ज्याच्याबद्दल बोलायचं त्याला आधी दाखवावं, एवढी रीत तिला घरात शिकवली होती. चूक तिथे झाली. दुसऱ्या कोणी केली नसती अशी चूक, साधी आणि सभ्य.

ती कागद घेऊन क्लासवर गेली. सरांनी तिन्ही पानं सावकाश वाचली. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"तू यातूनच शिकलीस ना?" त्यांनी विचारलं.

"यातून सुरुवात केली सर. शिकले नंतर."

सरांनी कागद परत एकदा चाळले. मग म्हणाले, बरोबर आहे तुझं. आपलं शिकणं मागे राहिलं, क्लास चालवायच्या नादात दहा वर्षं कशी गेली कळलं नाही. तिला वाईट वाटलं. तिने तीन-चार नव्या गोष्टींची नावं सांगितली, सरांनी ती कागदावर लिहून घेतली. उठताना त्यांनी एवढंच मागितलं की, अहवाल माझ्या पत्रासोबत मला पाठवू दे, मी स्वतःच चुका कबूल करून सुधारायला वेळ मागतो, तेवढीच माझी लाज राहील. तिने सही केलेले कागद त्यांच्या टेबलावर ठेवले आणि नमस्कार करून निघाली.

मे संपता संपता कोर्सची जाहिरात लागली. गोदामाच्या गेटवर, पडघ्याच्या बसथांब्यावर, नारपोलीच्या कोपऱ्यावर. तिचा फोटो, नाव, पुढे 'अनुभवी फ्रंट-एंड डेव्हलपर' आणि खाली तिचंच वाक्य: भाषा सोपी, उदाहरणं ओळखीची, नवशिक्याला भीती वाटणार नाही. खाली तिची सही, पहिल्या पानावरून उचललेली. सरांनी मॅडमना पहिलं पानच पाठवलं होतं आणि मॅडमनी दुसरं कधी मागितलं नव्हतं. एका पानात काम होत असताना तीन पानं कोण वाचतो? फाइल भरली, शिक्का बसला.

त्या दिवशी राघो बाजारातून आले ते हातात दहा जाहिराती घेऊन. एक घरात लावली, एक जिन्यात, आणि उरलेल्या घेऊन विहारात गेले. ज्या माणसाने तीस वर्षांत एक डाग पुढे जाऊ दिला नाही, तो माणूस फळ्यावर टाचण्या मारून सगळ्यांना सांगत होता की, माझ्या पोरीने तपासलंय. तिने खिडकीतून त्यांना जाताना पाहिलं आणि हाक मारायला तोंड उघडलं नाही.

ती सरांकडे गेली, भांडायचं ठरवूनच गेली. सर उठून उभे राहिले, खुर्ची दिली, पाणी दिलं. ती दोन पानं माझ्यासाठी होती ना, म्हणाले. मी सुधारतोच आहे, नवे व्हिडिओ महिन्याभरात टाकतो, मुलं तिथवर पोचायच्या आत सगळं बदललेलं असेल. आत्ता बोभाटा झाला तर कंपनी हात काढून घेईल, मग या मुलांना काहीच मिळणार नाही, ते तुला चालेल का? असं विचारलं की माणूस गारद होतो. नेत्रा मॅडमना लिहिलेला मेल तिने दोनदा उघडला, दोनदा मिटला. तिसऱ्यांदा उघडला नाही. सरांचं पटलं म्हणून नव्हे. सरांनी फसवलं हे एकदा लिहिलं की ते खरं होणार होतं, आणि आपल्या पायाखालची पहिली पायरीच कुजकी निघाली हे तिला मान्य करायचं नव्हतं. भेकडपणाला कृतज्ञतेचं नाव दिलं की तो अंगावर शोभूनही दिसतो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात रीमाचा फोन आला. मागे गोदामाचा गोंगाट.

"ताई, तुमचा फोटो बघितला. मंग लगेच नाव घातला मी. बरोबर केला ना?"

खाली लूम चालू होते. धम्मदिनाच्या तोंडात उत्तर तयार होतं, फक्त दोन शब्दांचं: काढून घे. किंवा अजून सोपं, संध्याकाळी घरी ये, मी शिकवते. सर म्हणाले आहेत ना महिन्याभरात बदलतो, असं तिने स्वतःला सांगितलं.

"चांगलं केलंस," ती म्हणाली.

महिना गेला, दोन गेले. दर शुक्रवारी ती कोर्स उघडून बघायची. सरांनी नवे व्हिडिओ टाकले नाहीत. एकदा फोनवर ते म्हणाले, आवाजाचा प्रॉब्लेम आहे. एकदा म्हणाले, मुलाची दहावी आहे. मग त्यांनी फोन घेणं कमी केलं. सप्टेंबरात शंभरातल्या त्र्याण्णव जणांना प्रमाणपत्रं वाटली गेली. समारंभाला तिलाही बोलावणं होतं. ती आजारी आहे असं कळवून घरी बसली.

तुळशीचं लग्न होऊन चार-पाच दिवस झाले असतील. शुक्रवार होता, गल्ली शांत होती. रीमा विचारत विचारत घरी आली. राघोंनी दार उघडलं, कौतुकाने आत घेतलं, मंदाबाई चहा ठेवायला गेल्या. रीमा अंग चोरून बसली. अंगावर नवा ड्रेस, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत प्रमाणपत्र.

तिने रडगाणं लावलं नाही. ठाण्याला तीन ठिकाणी जाऊन आले, म्हणाली. पहिल्या दोन ठिकाणी प्रमाणपत्र बघूनच परत पाठवलं. काल तिसऱ्या ठिकाणी एक पान बनवायला दिलं, चाळीस मिनिटं. कॉम्प्युटरवर छान झालं. मग त्यांनी ते मोबाइलवर उघडलं, आणि तिथला साहेब शेजारच्याला बोलावून हसला. वाईट हसला नाही, तिने सांगितलं, नुसताच हसला. मग त्याने विचारलं, हे कुठे शिकलात?

"मी सांगितला कोर्सचा नाव," रीमा म्हणाली. "ताई, माझा काय चुकला ते दाखवा. तेवढ्यासाठी आले."

तिने आपल्या मोबाइलवर पान उघडून पुढे केलं. अर्धा फॉर्म पडद्यात, अर्धा बाहेर. धम्मदिनाने तो एप्रिलमध्ये पाहिला होता, तसाच.

काय करावं ते न सुचून तिने लॅपटॉप उघडला आणि अहवालाचं दुसरं, तिसरं पान रीमासमोर ठेवलं. तुझं काही चुकलं नाही, बघ, हे सगळं मी तेव्हाच लिहिलं होतं, एवढं तिला दाखवायचं होतं. खरं सांगायचं तर तिला स्वतःची सुटका करून घ्यायची होती. रीमा पडद्याजवळ वाकून एकेक ओळ बोट ठेवून वाचत गेली. मोबाइलचा भाग. मांडणीचा भाग. परीक्षेचा भाग. शेवटची ओळ तिने दोनदा वाचली. मागे उभे राहून राघोही वाचत होते, आणि त्यांनी वाचून झाल्यावर पोरीकडे बघितलं नाही, हे धम्मदिनाला न वळताही कळलं.

"ही तारीख एप्रिलची हाय," रीमा म्हणाली.

"हो. सरांनी ही पानं पुढे पाठवलीच नाहीत. मला नंतर कळलं."

"नंतर म्हणजे मी फोन केला त्याच्या आधी का मागनं?"

धम्मदिनाने खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही. "आधी," ती म्हणाली. मग घाईघाईने बोलत सुटली, की मी शिकवते, रोज शिकवते, तीन महिन्यांत तुला तयार करते, पैसे नको, काही नको, घरी सांगायला मी स्वतः येते, जीवनशी बोलते.

रीमाने ते ऐकून घेतलं. प्रमाणपत्र पिशवीत नीट सरळ करून ठेवलं. रविवारी वाड्याकडची माणसं मला बघायला येणार आहेत, भावाने शब्द दिलाय, म्हणाली. आणि भावाने आपला शब्द पाळला होता, सहा महिने एक अक्षर काढलं नव्हतं, आता त्याला काय तोंडाने सांगणार?

चहा आला. तिने तो उभ्यानेच प्यायला, कप खाली ठेवला.

"सरांचा मना काय न्हाय वाटत, ताई," ती म्हणाली. "सर त्यांचा माल इकायला बसलेले. तुम्हाला बघायला बसवलेला."

ती येते म्हणाली आणि निघाली. धम्मदिनाने लॅपटॉप मिटला. पडघ्याची गाडी कुठे मिळते ते दाखवायला राघो चपला घालून तिच्यामागे जिना उतरले.